गाय उलटत होती, दुखणं माळावर होतं

“डॉक्टर, तुमची कांडीच खराब हाय.” 2020 ची दिवाळी नुकतीच झाली होती. बसा म्हणायच्या आधी तात्यांनी मला हे ऐकवलं. कांडी म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी. त्यांची संकरित गाय तिसऱ्यांदा उलटली होती, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आली होती, आणि तिन्ही वेळा रेतन मीच केलं होतं.

मी पदवीचा डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटावरच्या वाड्या-वस्त्यांवर कृत्रिम रेतन करतो, आणि गावाकडे रेतन करणाऱ्याला डॉक्टरच म्हणतात. कांडी खराब निघू शकते, माजाची वेळ ओळखण्यात माझीही चूक होऊ शकते. पण त्या हंगामात त्याच वस्तीवर आणखी पाच गाई उलटल्या होत्या. खाली ओढ्याकाठच्या, विहिरीला पाणी असलेल्या मळ्यांतल्या गाई मात्र नायट्रोजनच्या त्याच टाकीतल्या कांड्यांनी गाभण राहत होत्या. तात्यांच्या गाईच्या मागच्या फासळ्या लांबून मोजता येत होत्या. माकडहाडाशेजारी खळगे पडलेले, केस राठ. अशी गाय खाते ते आधी जीव जगवायला जातं, मग दुधाला, आणि गाभ धरण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. दर वेळी शंभर-दीडशे रुपये घेऊन कांडी भरत राहणं मला पटेना.

गव्हाणीत काय होतं? मूठभर सोयाबीनचा भुस्सा आणि तळाला कडब्याचे बुडखे. या भागात ज्वारी होती तोवर घरचा कडबा होता. कपाशी, कांदा, सोयाबीन वाढलं तसा तो आटला. कपाशीची पऱ्हाटी चुलीला जाते, दावणीला काहीच येत नाही. “पण दिवसभर चरून येतात की,” तात्या म्हणाले. त्यांचं ते ‘चरून येतात’ मला तपासायचं होतं.

माळावर एक दिवस

तात्या थोरले, आण्णा मधले, बापू धाकटे. तिघा भावांचा सात एकर माळ सामाईक आहे. मुरमाड, उताराचा, जागोजागी खडक उघडा पडलेला. एका सकाळी गुरांच्या मागे मीही गेलो. अकरा जनावरं होती, दोन बैल, चार संकरित गाई, बाकी गावरान आणि वासरं. चरणारं जनावर मान खाली घालून, जिभेने गवत ओढत पुढे सरकतं. ही जनावरं मान वर करून चालत होती. चालता चालता एक घास, पुन्हा चाल. तरोटा जागोजागी उभा होता, त्याला कुणी तोंड लावेना. कुसळी पिकून पिवळी पडलेली होती. तिची कुसळं माझ्या पँटला शिवणीपर्यंत टोचली आणि एका वासराच्या ओठात अडकलेली मी स्वतः चिमट्याने काढली.

त्या वर्षी पाऊस कमी नव्हता, चांगला पडला होता. तरी माळ असा. मला तिथंच उमगलं की इथे पाऊस नंतरचा प्रश्न आहे. जनावराला आवडणारं गवत कोंब फुटताच खाल्लं जात होतं, म्हणून त्याचं बीच धरत नव्हतं. जे कुणी खात नाही तेच वर्षानुवर्षं वाढत होतं.

चार सरळ काठ्या बांधून मी एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट केली. माळावर पाच ठिकाणी ती टाकून आतलं सगळं गवत कापलं, घरी वाळवलं आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोललं. सरासरी 85 ग्रॅम. एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर, म्हणजे एकरी साडेतीनशे किलोही नाही, आणि त्यातही निम्मं कुसळ. एका मोठ्या गाईला दिवसाला साधारण 8 किलो कोरडा चारा लागतो. गुणाकार तात्यांनी स्वतः केला. कागद उलटा करून पुन्हा केला. मग कांडीबद्दल ते काही बोलले नाहीत.

गवत लावायचं म्हणताच आण्णांनी हात झटकले. त्यांचं कारण खरं होतं. 2018 मध्ये त्यांनी विहिरीवर दहा गुंठे नेपिअर लावलं होतं, राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत. पहिल्या दोन कापण्या उत्तम आल्या. मग पावसाने दगा दिला, विहीर डिसेंबरातच तळाला गेली आणि नेपिअर उभ्या उभ्या करपलं. 2019 चा उन्हाळा या भावांनी चारा छावणीत काढला, गुरांशेजारी बाज टाकून. नेपिअर वाईट नाही. पाणी देत राहाल तोवर त्याच्याइतकं वजन दुसरं कुठलं गवत देणार नाही. पण आठ-दहा दिवसांनी पाणी मागणाऱ्या पिकावर दुष्काळाची भिस्त ठेवली, तर माणसाच्या आधी तेच तहानेने मरतं.

म्हणून आम्ही सातातला चार एकर माळ निवडला आणि पावसावरच जगणारी गवतं ठरवली. वरच्या उतारावर अंजन. अंजन म्हटलं की आपल्याकडे झाड आठवतं, हे गवत वेगळं. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातलं, ठोंब धरून वाढणारं, मुळं खोल नेणारं. झाशीच्या चारा संशोधन संस्थेने त्याचे बुंदेल अंजनसारखे वाण काढले आहेत. बांधांवर आणि खालच्या कडेला, जिथे मातीचा थर हातभर तरी आहे तिथे मारवेल. राहुरीचा फुले मारवेल 06-40 त्यासाठी घेतला. अंजनाच्या ओळींत स्टायलो, कारण ते द्विदल आहे, हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत धरतं आणि नुसत्या गवतापेक्षा प्रथिनं जास्त देतं.

बी उगवलंच नाही

2021 च्या मृगात पेरलं. पाऊस वेळेवर आला आणि पुढे तर नको इतका झाला. तरीही ऑगस्टात माळावर गुडघाभर तरोटा होता आणि अंजनाचे ठोंब बोटांवर मोजण्याइतके. दुष्काळात तगणारं म्हणून आणलेलं गवत भर पावसाच्या वर्षी गेलं. वस्तीवर हसू झालं. मला रात्री झोप लागेना, कारण तात्यांनी बियाण्याचे पैसे कांदा विकून दिले होते.

चुका दोन होत्या आणि दोन्ही माझ्या देखरेखीत झाल्या होत्या.

पहिली चूक खोलीची. अंजनाचं बी कापसाच्या पेळूसारखं हलकं, लवदार असतं. फेकलं की वाऱ्यावर जातं, म्हणून पेरल्यावर आम्ही वरून कुळव फिरवला. गहू-ज्वारीच्या सवयीने हात तिकडेच गेला. बी दोन बोटं खाली गाडलं गेलं. या बियाला अर्धा-एक सेंटिमीटर माती पुरे. त्याखालून कोंब वर येईपर्यंत त्याची ताकद संपते.

दुसरी चूक बियाण्याच्या वयाची. ज्याच्याकडून घेतलं त्याने ‘ताजं बी आहे’ असं कौतुकाने सांगितलं आणि आम्हीही खूश झालो. पेरणीनंतर पिशवीत उरलेल्या बियांतल्या शंभर मोजून मी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दहा दिवसांत 14 उगवल्या. अंजनाचं नवं बी झोपलेलं असतं. सहा महिने, वर्षभर कोरड्या जागी ठेवलं की ते जागं होतं. तीच पिशवी पुढच्या मे महिन्यापर्यंत मी घराच्या आढ्याला टांगून ठेवली आणि पुन्हा शंभर बिया गोणपाटात ठेवल्या. या खेपेला 41 उगवल्या. पेरायच्या आधी हे करायला काही खर्च नव्हता. फक्त कुणाला सुचलं नाही, मला तर नाहीच.

2022 ला पद्धत बदलली. बी, चिकण माती, शेणखत आणि थोडी वाळू कालवून आवळ्यापेक्षा लहान गोळ्या केल्या, एका गोळीत दोन-तीन बिया. त्या ओळींनी ठेवल्या आणि वरून फक्त बोराटीची फांदी ओढली. ओरखडा पडेल इतकंच. स्टायलोच्या बियांचं कवच टणक असतं. त्या कढत, पण न उकळलेल्या पाण्यात काही मिनिटं बुडवून मग रात्रभर गार पाण्यात ठेवल्या. मारवेलचं बी मी घेतलंच नाही, मुळ्या असलेले ठोंब लावले. साठ सेंटिमीटरवर ओळ आणि पन्नासावर ठोंब धरला, तर एकरी साधारण साडेतेरा हजार ठोंब लागतात. आपण कडेच्या पट्ट्यालाच लावत होतो म्हणून भागलं. आणि या खेपेला तरोटा फुलावर यायच्या आधी दोनदा उपटला. त्याला मजूर लागले. हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही, पण गवत उभं राहिलं ते या दोन खुरपण्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

मावशींच्या शेळ्या

आता त्या माणसाबद्दल, जिच्यामुळे हे सगळं मोडलं असतं आणि जिच्यामुळे टिकलं.

लावलेल्या गवतात पहिलं वर्ष जनावर घालायचं नाही, हा नियम. कोवळा ठोंब ओढला की मुळासकट हातात येतो. म्हणजे चार एकर बंद. पण त्या माळावर भावांचीच गुरं चरत नव्हती. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एक विधवा मावशी आपल्या नऊ उस्मानाबादी शेळ्या वर्षानुवर्षं तिथंच चारत. सातबारा भावांचा, पण चरायला कुणी कुणाला अडवत नसे, अशी जुनी रीत. मावशींच्या घरच्यांनी गायरानातला दीडेक एकर तुकडा 1990 च्या आधीपासून कसलेला आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अशी वहिवाट नियमित करण्याचा शासननिर्णय 1991 चा. मावशींच्या कागदाला अजून वाट सापडलेली नाही. मराठवाड्यात गायरान आणि माळ यांच्याबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. आपण ‘चराईबंदी’ म्हणतो तेव्हा कुणाची तरी सकाळची चूल बंद होत असते.

बोराटीचं कुंपण घातलं त्याच आठवड्यात ते एका जागी मोडलेलं सापडलं. बापू तावातावाने मावशींच्या दारात गेले. मी मागोमाग पोचलो तेव्हा मावशी ओट्यावर शेळीचं दूध काढत होत्या. उठल्या नाहीत. म्हणाल्या, “माळ तुमचा हाय बाबा, मी न्हाई कवा म्हनलं? पर शेळ्या काय माझ्या पदरात बांधू का? सांगा, कुठं नेऊ?”

कुणालाच उत्तर देता आलं नाही.

मग संध्याकाळी तिघे भाऊ, मावशी आणि मी तात्यांच्या ओसरीवर बसलो. हिवरे बाजार आमच्यापासून लांब नाही, तिथली चराईबंदी सगळ्यांनी ऐकलेली. आण्णांनी तिचाच दाखला दिला. तिथेही चराईला बंदी आणि कापून न्यायला मुभा, असंच आहे. त्यावरून तोडगा निघाला तो असा. मावशींनी रोज एक भारा विळ्याने कापून न्यायचा, तरोट्याशेजारचं, बांधावरचं, कडेचं, आणि दुसऱ्या वर्षापासून अंजनाचंही. सातातला उरलेला तीन एकर पूर्वीसारखा मोकळा. बदल्यात कुंपणावर नजर मावशींची. भावांपैकी बापू दिवाळीनंतर जोडीने ऊसतोडीला जातात ते चैत्रातच परततात. आण्णा टेम्पोवर. माळावर बारा महिने असणारं माणूस त्या वस्तीवर एकच होतं. ज्याचं पोट माळावर आहे त्यालाच राखण देणं यात माझी हुशारी काही नव्हती. ही गोष्ट तात्यांच्या पत्नीने आतून, चहा देता देता सुचवली.

त्यानंतर कुंपण एकदाही मोडलं नाही. बाहेरून आलेला मेंढ्यांचा कळप मावशींनी एकदा एकटीने ओढ्यापलीकडे वळवून दिला.

कापणी कधी, हा दुसरा वाद झाला. इकडे रीत अशी की गवत दसरा-दिवाळीला, पुरतं वाळल्यावर कापायचं. पण अंजन फुलोऱ्यात असताना त्यात 8-9 टक्के प्रथिनं असतात. बी गळून काडी पिवळी पडली की ती 3-4 टक्क्यांवर येतात, म्हणजे कडब्याइतकीच. फुलोरा येतो श्रावण-भाद्रपदात, आणि तेव्हा कापलं तर पावसात वाळवायचं कसं? काळं पडतं, बुरशी धरतं. आम्ही वाट अशी काढली की पहिली कापणी हिरवीच दावणीला घालायची आणि तिच्यावर फुटलेलं दुसरं गवत ऑक्टोबरात, बापू ऊसतोडीला जायच्या आधी, वाळवणीसाठी कापायचं. बापूंचा कोयता भराभर चालतो. ते गेल्यावर मजूर मिळतच नाही. तारीख फुलोऱ्यापेक्षा ऊसतोडीच्या मुकादमाने ठरवली, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

कापताना खाली वीतभर बुडखा ठेवायचा. हे पटवायला सर्वांत जास्त वेळ लागला. जमिनीलगत कापणं म्हणजे काटकसर असं प्रत्येकाला वाटतं. पण ठोंबाच्या बुडाशी पुढच्या फुटीची शिदोरी साठवलेली असते. ती कापून नेली तर पाऊस आला तरी फुटायला काही उरत नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा चौकट टाकली, पाच ठिकाणी. सरासरी 240 ग्रॅम, एकरी 970 किलोच्या आसपास. चार एकरांचे जवळपास 3.9 टन. मावशींचे भारे यात नाहीत. पाच मोठ्या जनावरांना रोज 40 किलो धरलं तर सत्त्याण्णव दिवसांची वैरण. अकरा जनावरं वर्षभर पोसतील असं यातून होत नाही. असं कुणी सांगत असेल तर त्याला चौकट टाकायला सांगावं. पण फाल्गुन-चैत्र-वैशाखाची भूक निभते, आणि गाव वैरण विकत घेतं ते नेमक्या त्याच महिन्यांत.

ऑगस्ट 2023

मग तो ऑगस्ट आला. देशभर 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो ठरला. आमच्याकडे जुलैच्या अखेरीपासून आभाळ नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं. माना टाकलेली कपाशी, पिवळा उडीद. अंजनाची पानं आधी गुंडाळली, मग राखाडी झाली, मग काडीच्या रंगाची. तात्यांनी मला फोन करून बोलावलं. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. “गेलं डॉक्टर. ह्येबी गेलं.”

मी माळावर गेलो. खुरप्याने एक ठोंब बाजूने उकरला. वरची काडी बोटात चुरगळत होती. बुडाशी, मातीच्या लगेच खाली, वाळलेल्या पानांची पांघरुणं एकेक सोलत गेलो. तिसऱ्या-चौथ्या पापुद्र्याच्या आत तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे डोळे होते, ओलसर, घट्ट. नखाने दाबल्यावर पाणी सुटलं. ठोंब तात्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि होता त्याच खड्ड्यात पुन्हा बसवून वरून टाचेने माती दाबली.

दुष्काळात हिरवंगार राहणारं गवत मी तरी पाहिलेलं नाही. हे गवत झोपतं, मरत नाही. त्या महिन्यात जनावरांच्या तोंडात पडलं ते गेल्या ऑक्टोबरचं वाळलेलं गवत. गंजीतलं जवळपास निम्मं शिल्लक होतं. मागच्या उन्हाळ्यात ते विकून टाकू असं आण्णा म्हणत होते आणि तात्यांनी नकार दिला होता. शेजारच्या वस्तीवर ऑगस्टातच कडब्याची खरेदी सुरू झाली. इथे ती झाली नाही.

सप्टेंबरात सरी आल्या. आठवड्याभरात ठोंबांच्या मधोमध हिरवं टोक दिसायला लागलं. बाजूच्या मोकळ्या तीन एकरांत तेव्हा माती तेवढी ओली होती. त्या ऑक्टोबरची चौकट 110 ग्रॅम, एकरी साडेचारशे किलोच्या आत. चांगल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी. पण गवत लावलंच नव्हतं तेव्हा चांगल्या पावसातही माळ इतकं देत नव्हता.

गाईचं काय झालं, हे सांगायला हवं, सुरुवात तिच्यापासून झाली म्हणून. तीच गाय 2022 च्या हिवाळ्यात दुसऱ्या रेतनाला गाभण राहिली. मी हे श्रेय एकट्या गवताला देणार नाही. त्याच सुमारास जंताचं औषध दिलं होतं आणि रोज खनिज मिश्रण सुरू होतं. दूध फारसं वाढलं नाही. सरकी पेंडेची महिन्याची तीन पोती होती त्यांची दोन झाली. वासराच्या ओठात कुसळ अडकल्याची तक्रार मला तिथून पुन्हा आलेली नाही.

माळ अजून सामाईकच आहे. आण्णांना आपला हिस्सा मुरमासाठी द्यायचा आहे. एका खोदाईत वर्षभराच्या दुधाइतके पैसे मिळतात, आणि त्यांच्या मुलीचं लग्न आहे. मी त्यांना अडवू शकत नाही. मुरूम एकदा उकरला की त्या खड्ड्यात गवत लावायला जमीन उरणार नाही, एवढं मी त्यांना दोनदा सांगितलं आहे आणि तिसऱ्यांदाही सांगणार आहे.

मावशी आता बी गोळा करतात. अंजनाचं बी एकदम पिकत नाही. वरचं गळतं तेव्हा खालचं हिरवं असतं. म्हणून त्या चार-पाच दिवसांआड ओळीतून चालतात, कणीस मुठीत धरून वर ओढतात आणि हाताला लागलेली लव ओटीत झटकतात. जोर लावला आणि बी हातात आलं नाही तर ते कच्चं, सोडून द्यायचं. त्यांच्या घराच्या आढ्याला जुन्या धोतराच्या तीन पिशव्या टांगलेल्या आहेत. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून नातवाने कोळशाने प्रत्येकीवर साल घातलं आहे. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्यांना गायरानातल्या आपल्या तुकड्याच्या कडेने पेरायचं होतं. स्टुलावर चढून मी सगळ्यात फुगलेल्या पिशवीला हात घातला. “ती न्हाई,” मावशी खालून म्हणाल्या, “ती औंदाची हाय, झोपलीय. तिच्या मागची काढा.”